नवरात्राआधी भगरीबद्दल थोडं



आजचा मेसेज फवारणीचा नाही, ताटातला आहे. घटस्थापना चार दिवसांवर आली. नऊ दिवस घरोघरी भगर शिजणार, म्हणून आधीच सांगतो.

लोहा तालुक्यातलं कोष्टवाडी आठवतंय ना? ६ फेब्रुवारी २०२४, एकादशीचा दिवस. धार्मिक कार्यक्रमातला महाप्रसाद लोकांनी संध्याकाळी पाचच्या सुमारास घेतला. रात्री उलट्या-जुलाब सुरू झाले. आसपासच्या गावांतले मिळून सुमारे दोन हजार लोक आजारी पडले. लोह्याचं उपजिल्हा रुग्णालय पुरलं नाही, पेशंट नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत न्यावे लागले.

उपवासाचं म्हणजे हलकं आणि शुद्ध, असं आपण धरून चालतो. पण साठवणीच्या हिशोबाने भगर फार नाजूक. दाणा बारीक, टरफल काढलेला, हवेतली ओल लगेच ओढतो. सोयाबीनची आर्द्रता १२ टक्क्यांच्या वर गेली की आडतीवर भाव कापतात, हे आपल्याला पाठ आहे. दुकानातल्या उघड्या पोत्यातल्या भगरीला मात्र कोणी मीटर लावत नाही! ही भगर बहुतेक नाशिककडच्या गिरण्यांतून येते आणि पावसाळ्याच्या दमट हवेत दुकानात पडून राहते. ओल लागली की तिच्यावर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि विषारी द्रव्यं तयार करते. अन्न व औषध प्रशासन सणासुदीला हाच इशारा देतं. शिजवली की बुरशी मरते, पण तिने सोडलेलं विष जाईल या भरवशावर राहू नका.

*सुटी भगर आणि भगरीचं तयार पीठ घेऊ नका.* पीठ तर दाण्यापेक्षा लवकर ओल धरतं, आणि आत काय दळलंय ते दिसत नाही. बंद पाकीट घ्या, पॅकिंगची तारीख, मुदत आणि परवाना नंबर बघा, बिल जपून ठेवा. निवडून, स्वच्छ करून लागेल तेवढीच घरी दळा. आमटीचे शेंगदाणेही निवडून घ्या. काळपट, सुरकुतलेले, कडवट दाणे फेकून द्या.

आमच्या घरी आषाढीची उरलेली भगर आईने श्रावणात काढली. वास कुबट. "धुतली की जातोय," म्हणाली. मी ती कोंबड्यांनासुद्धा घालू दिली नाही. आई दोन दिवस बोलली नाही, पण चालतंय.

आता मोठ्या पंगतीचं. इथे भगर चांगली असली तरी घोटाळा होतो. सकाळी शिजवलेलं अन्न झाकून संध्याकाळपर्यंत ठेवलं, की मोठ्या भांड्याच्या मधोमध ते तासन् तास कोमट राहतं. जंतूंना तेवढंच पाहिजे. काही जंतूंचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून पंगतीच्या वेळेला धरूनच चूल पेटवा, दोन तासांच्या आत वाढून संपवा. एकाच वेळी सगळं शिजवण्यापेक्षा दोन-तीन घाण्यांत करा. पाणी टँकरचं किंवा विहिरीचं असेल तर ग्रामपंचायतीकडून त्यात ब्लिचिंग पावडर टाकून घ्या. उरलेलं दुसऱ्या दिवशी वाटू नका.

कोणाला मळमळ, उलटी, चक्कर, हातपाय थरथरणं सुरू झालं तर ओआरएस द्या. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. घोट घोट पाजा. जुलाब थांबवायची गोळी मनाने देऊ नका. मी शेतीचा डिप्लोमावाला, डॉक्टर नाही; म्हणून लहान लेकरू, गरोदर बाई, म्हातारं माणूस असेल, किंवा सुस्ती आली, लघवी कमी झाली, तर वाट न बघता *१०८* ला फोन लावा. उरलेलं अन्न आणि पाकीट बाजूला ठेवा, तपासणीला लागतं. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे: *१८००२२२३६५*, फुकट नंबर आहे.

गावात सामूहिक फराळ ठरला असेल तर हा मेसेज आचाऱ्यापर्यंत पोचवा. ग्रुपवर टाकून भागत नाही, त्याला वाचून दाखवा.

सोयाबीन काढणीचा सल्ला उद्या सकाळी पाठवतो.