शेजारी आणि शांतिसेना

तंटा असलेल्या देशाशी रक्ताचे व भाषेचे नाते सांगणाऱ्या शेजाऱ्याने तेथे शांतिसेना धाडावी काय? आमच्या मते, धाडू नये. १९५३ साली कोरियातील युद्धकैद्यांचा प्रश्न जनरल थिमय्यांनी हाताळला, तेव्हा उभय पक्षांचा रोष पत्करूनही भारताची निःपक्षता टिकली. कारण तेथे आपले कोणी नव्हते. १९८७ साली श्रीलंकेत मात्र आपण तिऱ्हाईत नव्हतो. संयुक्त राष्ट्रांचे छत्र नव्हते, तामिळनाडूच्या नात्यामुळे सिंहली साशंक होते आणि ज्या तमिळांच्या रक्षणार्थ गेलो, त्यांच्यातीलच ‘वाघां’शी लढण्याची पाळी आली. १९९० मध्ये सेना परतली, तोवर सुमारे १,२०० जवान कामी आले होते. शेजारधर्म अन्न, औषधे व आश्रय देऊन अवश्य पाळावा. पंचाची जागा मात्र तिऱ्हाइतासच सोडावी, हेच शहाणपण होय.