दारू सोडायची तर सोबत हवी



एरवी या पानावर आम्ही बेणे, खते आणि खोडव्याची निगा यांविषयी लिहितो. आजचा विषय वेगळा आहे. पण शेत पिकूनही घर का पिकत नाही, याचे उत्तर त्यात आहे.

गेल्या हंगामात एका सभासदाची पत्नी आमच्या गट ऑफिसात आली. म्हणाली, "साहेब, उसाचं बिल ह्यांच्या खात्यावर टाकू नका. हातात पडलं की संपलं." बिल सभासदाच्याच खात्यावर जमा करावे लागते, त्यामुळे आमचा नाइलाज झाला. बिल निघाले आणि अठरा महिने जोपासलेला आडसाली ऊस महिनाभरात बाटलीत गेला. हा त्यांच्या घरचा प्रश्न, असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. दारूचा स्पिरिट साखर कारखान्याच्या मळीपासूनही बनतो, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे.

त्या बाईंचे बंधू खालापूर तालुक्यात खोपोलीला नोकरीस आहेत. एके काळी तेही पीत होते. आता सुटली आहे. ते गावी येऊन म्हणाले, "दाजी, एकदा माझ्याबरोबर सभेला चला." दाजी म्हणाले, "शेतकी साहेब येत असतील तर येतो." मग आम्हीही घाट उतरलो.

मेहुण्यांनी त्यांना आधी डॉक्टरांकडे नेले. हे फार महत्त्वाचे आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हात कापतात, झटके येतात, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जिवावरही बेतू शकते. म्हणून शरीरातली दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवावी. तसेच दारू सुटण्याची गोळी जेवणातून चोरून कधीही देऊ नये. त्यावर तो प्यायला तर प्राणाशी गाठ आहे.

नंतरच्या रविवारी खोपोलीहून लोकलने कर्जतला (हे रायगडातले कर्जत, अहिल्यानगरकडचे नव्हे) आणि तिथून पुढे एका गावी गेलो. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या सभेत नाव-गाव बाहेर सांगायचे नाही हा पहिला नियम. शाळेच्या खोलीत पंधराएक माणसे होती. त्यांत रिक्षावाले होते, गिरणीतून निवृत्त झालेले होते, भातशेती करणारेही होते. एकेकाने उठून फक्त पहिले नाव सांगायचे, मी मद्यपी आहे म्हणायचे आणि आपली कथा सांगायची. कोणी उपदेश करीत नाही, कोणी मध्ये बोलत नाही. जन्मभराची शपथ नाही. आजचा दिवस प्यायची नाही, एवढेच. आमचे सभासद एक शब्द बोलले नाहीत. परतताना पळसदरी स्टेशन गेल्यावर म्हणाले, "मला वाटायचं, असा मी एकटाच."

ही चळवळ अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजेच ए. ए. अमेरिकेत ॲक्रन गावी १९३५ साली एक शेअर दलाल आणि एक शल्यवैद्य, दोघेही पिणारे, एकमेकांना सावरत सावरत सुरू झाली. भारतात ती १९५७ मध्ये आली. फी नाही, जात-धर्माची अट नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच पात्रता. उघड्या सभेला घरचे लोकही बसू शकतात. बायका-मुलांसाठी अल-ॲनॉन हे वेगळे गट असतात. २०२० साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले. पूर्ण दारूबंद राहण्याच्या बाबतीत हा मार्ग इतर उपचारांच्या बरोबरीने किंवा काकणभर सरसच ठरला.

रायगडात सोबतीचा आणखी एक जुना मार्ग आहे. नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ साली सुरू केलेल्या दासबोध निरूपणाच्या बैठकांना जाऊन अनेकांनी व्यसन सोडले. आपल्याकडे माळ घातली की दारू सुटते, तीही सोबत वारकऱ्यांची. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये उभे केलेले मुक्तांगण आहे. तिथे उपचारानंतरही पाठपुरावा केला जातो.

२०१९ च्या केंद्र शासनाच्या पाहणीनुसार देशात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना दारूपायी मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला उपचार मिळतो. उरलेले लाजेपायी घरात बसतात. तेव्हा १४४४६ या मोफत व्यसनमुक्ती क्रमांकावर किंवा १४४१६ या मानसिक आरोग्याच्या क्रमांकावर फोन करावा. जवळचा गट कोठे भरतो, ते सरकारी दवाखान्यात व व्यसनमुक्ती केंद्रात विचारावे. दिवस-वेळ बदलते, म्हणून निघण्यापूर्वी खात्री करावी. पहिल्या खेपेला माणसाला एकटे पाठवू नये.

आमचे सभासद महिनाभर मेहुण्यांकडे राहिले, दर आठवड्याला सभेला गेले. गावी परतल्यावर यात्रेत एकदा घसरले. दुसऱ्या दिवशी स्वतःच मेहुण्यांना फोन केला आणि पुन्हा खोपोली गाठली. हरळी एका कुळवणीत जात नाही, हे शेतकऱ्याला कोणी सांगायला नको. फुटली की पुन्हा काढायची, रान सोडून द्यायचे नाही.

त्या उभयतांच्या संमतीनेच हे लिहिले आहे. यंदा बिलाच्या दिवशी दोघेही बँकेत बरोबर आले होते. आपल्यापैकी कोणास सोबत हवी असल्यास गट ऑफिसात यावे. आम्ही कोणास सांगणार नाही, आणि गरज पडल्यास पुन्हा घाट उतरू.

— ऊस विकास अधिकारी