लर्निंग लायसन्सवर गाडी ठोकली, तर क्लेम मिळतो का?

जळगाव (एमएच-१९) किंवा धुळे (एमएच-१८) आरटीओचं लर्निंग लायसन्स आलं आणि घरची कार काढून हायवे ५३ वर निघालात? जरा थांबा.

इन्शुरन्स गाडीचा असतो, त्यामुळे शिकाऊ चालकालाही कव्हर मिळतं. फक्त केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ३ पाळायला हवा:

- लायसन्स चालू हवं. मुदत ६ महिने.
- शेजारी पक्कं लायसन्सवाला, गरज पडल्यास गाडी थांबवू शकेल असा.
- पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल'.

यात चुकलात, तर कंपनी क्लेम नाकारू शकते. समोरच्याला दिलेली भरपाईही गाडीमालकाकडून, म्हणजे बहुतेकदा पप्पांकडूनच, वसूल होऊ शकते.

३० दिवसांनी पक्क्या लायसन्ससाठी अर्ज करता येतो. तोवर एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून इन्शुरन्सची तारीख तपासून घ्या.