नऊ लाख कंटेनर तांदूळ

२०२२-२३ या एका वर्षात भारतानं सुमारे २ कोटी २३ लाख टन तांदूळ परदेशी विकला. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण २५ टन मावतो, म्हणजे जवळजवळ नऊ लाख कंटेनर. एकामागे एक ठेवले तर रांग होते ५,४०० किलोमीटरची. देशाची उत्तर-दक्षिण लांबीच ३,२१४ किलोमीटर आहे. दाणे मोजायचे तर अब्ज, खर्व, निखर्व असं चढत थेट ‘अंत्य’ गाठावं लागेल, एकावर पंधरा शून्यं. (हजार दाण्यांचे वीस ग्रॅम धरलेत, चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीचा बारीक तांदूळ घेतला तर दाणे आणखी वाढतील.) देशोदेशी विकल्या जाणाऱ्या तांदळात हा वाटा सुमारे ४० टक्के.

२० जुलै २०२३. ब्रह्मपुरीकडे रोवणीचे दिवस. दिल्लीहून अधिसूचना निघाली: बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद. देशाच्या तांदूळ निर्यातीचा चौथा हिस्सा एका कागदानं थांबला. अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत लोकांनी पिशव्यांवर पिशव्या उचलल्या, आणि ऑगस्टमध्ये तांदळाचा जागतिक किंमत निर्देशांक पंधरा वर्षांच्या उच्चांकावर गेला. जगात पन्नास कोटी टनांहून जास्त तांदूळ पिकतो, पण सीमा ओलांडतो त्यातला जेमतेम दहावा भाग. इतक्या अरुंद बाजारातून मोठा विक्रेता उठला की भाव भडकणारच.

एचएमटी तांदूळही त्याच बंदीत सापडला. ब्रह्मपुरीजवळच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये आपल्या शेतातल्या पटेल-३ धानात काही निराळ्या लोंब्या दिसल्या. जमीन दीड एकर. लोंब्या जपून, निवडून त्यांनी हा वाण उभा केला. नाव मिळालं तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं. ते घड्याळ जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं सुरू झालेलं. सरकारनं २०१६ मध्ये घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. धान अजून पिकतं.

जागतिकीकरणाविरुद्धची लाट म्हटली की ट्रम्प यांचं आयातशुल्क आठवतं. इथे दार विकणाऱ्यानंच लावलं, कारण देशात तांदूळ वर्षभरात साडेअकरा टक्के महागला होता. शहरातला वरणभात स्वस्त राहावा, हे मान्य. बिल कुणाच्या नावावर फाडलं तेही पाहावं. त्या हंगामाचा धानाचा हमीभाव क्विंटलला २,१८३ रुपये. धानाचा तांदूळ दोन तृतीयांश धरला तर तो पडतो सव्वातीन हजारांना. थायलंडचा तांदूळ त्या ऑगस्टमध्ये पाच हजारांच्या वर होता. भरडाई-वाहतूक वजा करा, तरी फरक उरतोच.

बंदी उठली २८ सप्टेंबर २०२४ ला, आणि २०२४-२५ मध्ये निर्यात पुन्हा दोन कोटी टनांवर गेली. याआधीची २००७ ची बंदी जवळपास चार वर्षं टिकली होती, ही चौदा महिने. पुढची कधी येईल नि किती टिकेल, ते पाऊस आणि निवडणुका ठरवतील. पऱ्हे मात्र मृगातच टाकावे लागतात.