घोड्याच्या धंद्यात खराऱ्याची किंमत

दुकानदार सकाळी गल्ला उघडण्याआधी दुकान झाडून घेतो, शिंपी मशीनला तेल घालतो, सुतार रंध्याचे पाते बोटाने तपासून पाहतो. ज्याचे भांडवल चार पायांवर उभे आहे त्याने सकाळी काय करावे? टांगा हाकणारे, वरातीला घोडा देणारे, माथेरान, महाबळेश्वर, पाचगणीला प्रवाशांना घोड्यावर फिरवणारे, या सर्व मंडळींना आज आम्ही हाच प्रश्न विचारीत आहोत. दाणा-वैरणीचा हिशेब सारेच ठेवतात. नालबंदाचे पैसेही वेळेवर जातात. पण खरारा मात्र पगारी पोरावर सोपवला जातो, आणि पोरगे दोन हात फिरवून मोकळे होते. आमच्या मते धंद्यातले नुकसान तेथूनच सुरू होते.

खरारा म्हणजे घोड्याला चकचकीत करणे, हा समज आधी काढून टाकावा. चकाकी हा त्याचा वरकड नफा आहे. खरी कमाई म्हणजे घोड्याची आणि मालकाच्या हाताची ओळख.

घोडा जातीने भित्रा. हजारो वर्षे तो पळूनच जगला, आणि पाठीवर अचानक पडलेले ओझे म्हणजे त्याच्या लेखी श्वापदाची झडप. असा प्राणी माणसाला पाठीवर बसू देतो तो केवळ लगामाच्या धाकाने नव्हे. मोकळ्या कळपात दोन घोडे एकमेकांकडे उलटी तोंडे करून उभे राहतात आणि एकमेकांच्या मानेच्या मुळाशी, जेथे आयाळ संपते त्या खांद्याच्या उंचवट्यावर, दातांनी खाजवतात. ही त्यांची दोस्तीची रीत आहे. फ्रान्समधील कामार्ग भागातल्या घोड्यांवर फे आणि दे माझिएर या दोन संशोधकांनी केलेले काम १९९३ साली प्रसिद्ध झाले. नेमक्या याच जागी माणसाने हाताने खाजवले असता घोड्याच्या काळजाचे ठोके मंदावतात. दुसऱ्या जागी खाजवले तर तसे होत नाही, असे त्यात आढळले. म्हणजे घोड्याला शांत करण्याची जागा निसर्गानेच ठरवून दिली आहे, आणि ती खोगिराच्या अगदी पुढे, स्वाराच्या हाताच्या टप्प्यात आहे. वरातीत बँड वाजू लागला, फटाक्यांची माळ लागली की चाबूक उगारण्यापेक्षा तेथे हात फिरवणारा घोडेवाला शहाणा. मात्र ज्या हाताची रोजची ओळख नाही, तो हात ऐन गोंगाटात कामी येत नाही.

आता रीत. घोड्याला नाकासमोर अगदी जवळचे आणि थेट पाठीमागचे दिसत नाही. म्हणून मागून कधी जाऊ नये. डाव्या खांद्याच्या बाजूने, तोंडाने काही बोलत जावे आणि पहिला हात खांद्यावर ठेवावा. घाईने थोपटू नये. पुष्कळांना घोड्याला फटाफट थोपटण्याची सवय असते. त्यात लाड माणसाच्या बाजूनेच अधिक असतो. घोड्यांच्या आपसातल्या व्यवहारात थोपटणे नाही, खाजवणे आहे.

रबरी खरारा मान, खांदा, बरगड्या आणि पुठ्ठा या मांसल भागांवर गोल गोल फिरवावा, म्हणजे आतला मळ व सुटलेले केस वर येतात. नंतर ब्रश, तोही केसांच्या दिशेने. लोखंडी दातांचा खरारा अजून पुष्कळ तबेल्यांत थेट अंगावर चालतो. तो ब्रश साफ करण्यासाठी ठेवावा. गुडघ्याखाली आणि तोंडावर कातडीखाली लगेच हाड असते; तेथे मऊ ब्रश किंवा ओले फडके पुरे. घोड्याच्या अंगावर माशी बसली तरी तेवढीच कातडी थरथरते, हे आपण रोज पाहतो. ज्याला माशीचे पाय कळतात त्याला लोखंडाचे दात किती कळत असतील याचा विचार करावा. डोळे आणि नाकपुड्या पुसण्याचे फडके वेगळे, शेपटीखालचे वेगळे.

मालिश ही खराऱ्यानंतरची गोष्ट. तळहात सपाट ठेवून मानेपासून खांद्यापर्यंत, मग पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांनी पुठ्ठ्यापर्यंत, हळूहळू दाब देत जावे. कण्यावर दाब देऊ नये. जेथे सूज आहे, जेथे हाताला ऊन लागते, जेथे जखम आहे, तेथे मालिश करू नये. ताप असलेल्या घोड्याला तर मुळीच नाही. घोडा खालचा ओठ सैल सोडू लागला, मान लांब करून वरचा ओठ हलवू लागला, डोळे अर्धे मिटले, तर हात बरोबर जागी आहे असे समजावे. कान मागे चिकटले, शेपटी फटकारली, पोट आत ओढले, तर तेथे दुखते आहे. दटावून पुढे रेटू नये. तोंड नसलेल्या प्राण्याची तक्रार आहे ती.

वरातीच्या घोड्याला चमक यावी म्हणून अंगाला तेल चोपडण्याची पद्धत आहे. ती आम्हाला पसंत नाही. तेलावर रस्त्याची धूळ बसते आणि ती खोगिराखाली जाऊन घासते. कातडीतच तेल असते; रोजच्या ब्रशाने ते केसांवर पसरते आणि जी तकतकी येते ती बाटलीतल्या तेलाने येत नाही.

सर्वांत मोठा हिशेब खोगिराखालच्या जागेचा आहे. घोड्याच्या घामात मीठ असते. तो घाम वाळला की केसांचा गठ्ठा होतो, त्यात धूळ बसते. माथेरानची तांबडी माती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. त्यावर दुसऱ्या दिवशी जीन चढते, तंग आवळला जातो, आणि संध्याकाळपर्यंत कातडी सोलते. पहिल्या दिवशी हाताला फक्त थोडी ऊब लागते किंवा केस उलटे वाटतात. तेवढ्यावर दोन दिवस जीन न चढवता घोडा थांबवला आणि खोगिराची गादी नीट केली तर भागते. न थांबवला तर जखम होऊन तोच घोडा ऐन हंगामात आठवडेच्या आठवडे उभा राहतो, आणि दाणा मात्र रोज खातो. हे जो डोळ्यांनी शोधतो त्याला उशिरा कळते. हाताला आधी कळते.

यात कायद्याचीही बाजू आहे. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम ११ नुसार जखम, व्रण, आजार किंवा वय यांमुळे कामाला अयोग्य झालेल्या जनावरास कामाला लावणे गुन्हा आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांचे काय झाले ते सर्वांसमोर आहे. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यावर जगणाऱ्या कुटुंबांची रोजी गेली. घोड्यांचे हाल हा त्या प्रकरणातला मोठा मुद्दा होता. चांगली निगा ठेवणाराही त्यात बुडाला, हा अन्याय आम्हाला आजही सलतो. पण दहा जणांच्या दुर्लक्षाची किंमत शंभरांनी मोजली, हेही खरे. माथेरानात डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. दस्तुरी नाक्यावर उतरलेल्या गिऱ्हाइकाला घोड्याखेरीज दुसरा पर्याय दिसू लागला, की ते घोड्याची पाठ आणि बरगड्या पाहूनच ठरवते. लेकरू बसवणारी आई तर आधी घोड्याचे कान पाहते.

खुरांचे काम पोरावर अजिबात सोडू नये. टाचेकडून पुढे, खडा काढण्याच्या आकड्याने, मधला मऊ त्रिकोणी भाग सांभाळून माती काढावी. सकाळी एकदा, कामावरून आल्यावर एकदा. रुतलेला खिळा दिसला तर डॉक्टरला लगेच बोलवावे, कारण धनुर्वात घोड्याला फार लवकर धरतो. त्याची लस मिळते आणि ती दिलेली असावी.

हात फिरवताना गोचीड सापडते, खरजेची सुरुवात सापडते, गोल नायटा सापडतो. नायटा ब्रशावरून दुसऱ्या घोड्याला आणि माणसालाही लागतो; म्हणून प्रत्येक घोड्याचा ब्रश निराळा ठेवावा. याहून गंभीर म्हणजे ग्लँडर्स. नाकातून चिकट स्राव आणि कातडीवर ओळीने उठणाऱ्या, पुढे फुटणाऱ्या गाठी ही त्याची लक्षणे. हा रोग माणसालाही होतो व जिवावर बेततो. अशा गाठी हाताला लागल्या तर मालिश तेथेच थांबवावी, हात साबणाने धुवावेत, घोडा वेगळा बांधावा आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. लपवून जत्रेत विकण्याचा मोह कोणी धरू नये. दुसऱ्याच्या तबेल्यातले सगळे घोडे आणि तेथली माणसेही त्यात सापडतात.

जत्रेचा विषय निघालाच आहे. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे जाणता गिऱ्हाईक दात पाहतो, चाल पाहतो, आणि मग खांद्यापासून खुरापर्यंत एक हात फिरवतो. रोज खरारा झालेला घोडा पाय उचलून देतो. न झालेला अंग चोरतो, आणि तेथेच बोली खाली येते.

बकऱ्यांच्या व्यापाऱ्यांनाही यातले थोडे लागू आहे. रोज हात लावलेला बोकड बाजारात बिथरत नाही, दात दाखवताना झटापट करत नाही. काळ्याभोर उस्मानाबादी बोकडाला नरम ब्रश मारला की अंगावरचा तजेला उठून दिसतो. बकरी ईदच्या आठ-दहा दिवस आधी घरी आणलेल्या बोकडाला मुले तर आपणहून विंचरत बसतात. त्यांना अडवू नये, फक्त नंतर हात धुवायला लावावेत.

एका घोड्याला हे सारे नीट करायला अर्धा तास लागतो. दोन वेळचा मिळून तास. ज्यांच्याकडे पाच-सहा घोडे आहेत त्यांना पगारी माणूस ठेवावाच लागेल, हे आम्ही समजू शकतो. त्यांनी निदान रोज एक घोडा पाळीपाळीने स्वतःच्या हाताखाली घ्यावा, आणि त्या पोराला दटावण्याऐवजी कान, पाठ, पोट यांच्या खुणा वाचायला शिकवाव्यात. कामावरून आल्यावर आधी तंग सैल करून दहा मिनिटे घोडा हळू चालवावा, मग जीन उतरवून पाठ ओल्या फडक्याने पुसावी आणि वाळल्यावरच ब्रश घ्यावा. आठवड्यातून एकदा ब्रश साबणाच्या पाण्यात धुऊन, केस खाली करून उन्हात वाळवावेत. नाहीतर पाणी लाकडात मुरून केस गळू लागतात.