जुन्या पद्मिनीचा कॅमशाफ्ट

कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली प्रीमियर पद्मिनी नांदेड-लातूरकडे ज्यांनी आजवर जिवापाड सांभाळली आहे, त्यांनी तिचे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन उघडले जाईल तेव्हा क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरणाऱ्या कॅमशाफ्टची खातरजमा अवश्य करून घ्यावी. बिडाच्या दांड्याचे उंचवटे बहुधा ओततानाच त्वरेने थिजवून कठीण केलेले असतात, आणि तो कठीण थर एकदा झिजला की पुढील ऱ्हास झपाट्याने होतो. मायक्रोमीटरने प्रत्येक उंचवट्याची एकूण उंची मोजून तीतून पायाचा व्यास वजा करावा. इनलेटचे आकडे इनलेटशी, एक्झॉस्टचे एक्झॉस्टशी ताडावेत. नखाला लागणारे खड्डे झिजेचे. भिंगाखाली दिसणारी सुईच्या अग्राएवढी छिद्रे मात्र ओतकामाची कसूर. नव्या दांड्याखाली जुनेच टॅपेट घालण्याची काटकसर मला सर्वथा अमान्य आहे, कारण त्यांचे घासलेले तळ नवे उंचवटे अल्पावधीतच कुरतडतात.