गेम खेळा, पण शाळेसाठी!

पेपर संपले, रूमवर चौघे जमले, गेम सुरू. घरचे म्हणणार, ‘झालं यांचं चालू!’ पण हा किस्सा ऐका. जानेवारी २०१०. अमेरिकेत माइक उयामा आणि त्याच्या दोस्तांनी जुने गेम सलग खेळून ऑनलाइन दाखवायचं ठरवलं. ठरल्या जागी इंटरनेटनं दगा दिला, तर सगळं बिऱ्हाड माइकच्या आईच्या घरी, तळघरात! तिथून ‘केअर’ या संस्थेसाठी १० हजार डॉलरहून जास्त जमले.

यवतमाळ, पुसद, वणीत तळघर नसेल, रूम तर आहे! थेट प्रक्षेपणाचं ‘ओबीएस’ सॉफ्टवेअर फुकट मिळतं. एकानं खेळायचं, दुसऱ्यानं स्क्रीन-आवाज सांभाळायचा, तिसऱ्यानं हिशेब. क्लास न लावता शिकाल. गावच्या झेडपी शाळेला कम्प्युटर हवा असेल, तर आधी मुख्याध्यापकांशी बोला. पैसे थेट शाळेच्या खात्यात, स्वतःच्या मुळीच नाही. आणि हो, इन्व्हर्टर असलेल्याच मित्राच्या घरी बसा.